घोंगडीची चार बोटं

माणसाला सभ्यपणे छळण्याचे जेवढे म्हणून प्रकार या जगात आहेत, ते सगळे माझ्या थोरल्या साडूंना तोंडपाठ होते. शिवी नाही, आदळआपट नाही, भांडण तर नाहीच नाही. समोर जी वस्तू असेल तिला हात घालायचा, ती ओढून बघायची आणि नाकातून "हं" म्हणायचं, एवढंच. त्या एका "हं"पायी माझं डोकं किती वेळा फिरलं ते माझ्या बायकोला विचारा. साडूभाऊ विमानांचे इंजिनिअर होते. म्हणजे उडवणारे नव्हे, उडू न देणारे. त्यांची सही झाल्याशिवाय विमानानं जागचं हलायचं नाही असा सरकारी नियमच होता, आणि सही करण्यात हा माणूस इतका चेंगट होता की विचारता सोय नाही. उंचीनं बुटके, अंगात खाकी सदरा, खिशात मोजायची टेप आणि बोटाएवढी बॅटरी. पुंडलिकनगरातून रोज सकाळी मोपेडवर चिकलठाण्याच्या विमानतळावर जायचे, तर जेवणाचा डबा मागं तीन गाठींनी बांधलेला. रस्त्यात कुणी ओळखीचा भेटला आणि थांबले, की निघताना पुन्हा तिन्ही गाठी ओढून बघणार.

ओढण्याची ही खोड त्यांनी विमानापुरती ठेवली असती तर मी तक्रार केली नसती. पण नाही! आमच्याकडं जेवायला आले की आधी दाराची कडी ओढायची, मग पाळण्याच्या साखळ्या, मग गच्चीवरची कपडे वाळत घालायची दोरी. एकदा ती दोरी त्यांच्या हातात आली आणि ओल्या धुण्यासकट खाली वाळत घातलेल्या उडदाच्या पापडांवर पडली. माझ्या बायकोचं दिवसभराचं राबणं मातीत गेलं. साडूभाऊंच्या चेहऱ्यावर मात्र असं समाधान, की जणू चोर पकडला. "बघा पाव्हणं, आज ना उद्या पडणारच होती. ओढल्याशिवाय कळत नसतंय." माझ्या पुतण्याच्या लग्नात तर कहर झाला. खुलताबादच्या वेशीपाशी वरात निघालेली, नवरदेव घोड्यावर, बँडवाले फुगून लाल. साडूभाऊ गर्दीतून पुढं झाले, घोड्याचा तंग ओढला आणि "हं" म्हणाले. झालं! नवरदेव खाली, खोगीर खाली, भर उन्हात तंग सोडून पुन्हा आवळण्याचं काम सुरू. बँडवाल्यांनी एकच गाणं तीनदा वाजवलं, भटजी मनगटावरचं घड्याळ दाखवून दाखवून दमले आणि मुलीकडच्यांत बातमी गेली की नवरदेव रुसून घोड्यावरून उतरला. त्यांची समजूत काढता काढता माझ्या तोंडाला फेस आला, आणि हे महाशय घोडेवाल्याला विचारतायत, "हे बक्कल कधी बदललं होतं?"

आणखी एक सांगायचं म्हणजे, "ठीक आहे" हे दोन शब्द या माणसाच्या तोंडून कधी कुणी ऐकले नाहीत. आक्का, म्हणजे त्यांची बायको आणि माझ्या बायकोची थोरली बहीण, तिच्या हातच्या पुरणपोळीला सगळं गणगोत वाखाणायचं. तिच्या नवऱ्यानं उभ्या जन्मात दिलेली सर्वांत मोठी पावती म्हणजे, "चालू द्या तूर्त."

अशा माणसाच्या तावडीत मी आपल्या पायानं चालत गेलो. चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत माझा लेथ मशीनचा छोटा कारखाना होता. तरुणपणी हौसेनं विमान चालवायचा परवाना काढून ठेवला होता. एक फ्लाइंग क्लब बंद पडला, तेव्हा त्यांचं जुनं दोन माणसांचं विमान मी आणि एका मित्रानं मिळून घेतलं. वयानं माझ्याहून थोडंच धाकटं. आत पोलादी नळ्यांचा सांगाडा, वरून ताणून रंगवलेलं कापड, शेजारी शेजारी कॅनव्हासच्या दोन सीटा. आणि बसणाऱ्याच्या पोटाला एक पट्टा. खांद्याला काही नाही. ते विमान घडलं त्या काळी खांद्याच्या पट्ट्याची चाल नव्हती आणि त्यानंतर कुणाचं काही अडलंही नव्हतं. साडूभाऊ म्हणाले, तुमच्या विमानाकडं मी बघतो. मला वाटलं, घरचा इंजिनिअर मिळाला, लॉटरी लागली. कसली लॉटरी! साडेसाती लागली.

घाई मला का होती ते सांगायलाच हवं, नाहीतर तुम्ही मलाच उतावळा म्हणाल. आमचे सासरे, आम्ही दोघंही त्यांना मामा म्हणायचो, जन्मभर मेंढरं राखलेला माणूस. खुलताबादच्या पलीकडचे डोंगर त्यांनी पायांनी इतके पालथे घातलेले, की कुठल्या कपारीत उन्हाळ्यात पाणी असतं ते झोपेतसुद्धा सांगतील. डोंगरावर मेंढरं चरत असताना चिकलठाण्याला उतरणारी विमानं त्यांनी वर्षानुवर्षं बघितलेली. पंचाहत्तरी उलटल्यावर एकदा मला म्हणाले, "धाकलं जावई, ज्या डोंगरावर जलम काढला त्यो वरून कसा दिसतो, येकडाव बगायचंय. दुसरं काय मागनं नाय." उभ्या आयुष्यात त्यांनी जावयाकडं मागितलेली ही एकच गोष्ट. आणि त्याच दिवाळीत डॉक्टरांनी सांगितलं की दोन्ही डोळ्यांत काचबिंदू आहे, गेलेली नजर परत यायची नाही, आणि उरलेली फार तर वर्षभर टिकेल. मी तिथल्या तिथं छातीवर हात ठेवून म्हणालो, "मामा, पंधरा दिवसांत नेतो तुम्हाला."

साडूभाऊंनी सीटवरचा पोटपट्टा ओढला आणि "हं" म्हणाले.

"काय झालं आता? पट्टा तर मजबूत आहे," मी म्हणालो.

"पट्टा मजबूत आहे. तोंडाचं काय?" आणि मग हा कधी न चिडणारा माणूस असा चिडला की हँगरचा राखणदारसुद्धा चहा टाकून बघायला आला. "पोट बांधायचं आणि तोंड मोकळं सोडायचं! विमान खड्ड्यात नुसतं नाक टेकवून थांबलं, तरी माणूस कमरेतून घडी होतो आणि कपाळ थेट पुढच्या घड्याळांवर. कुठल्या शहाण्यानं हे काढलं? आणि कुठल्या गाढवांनी इतकी वर्षं चालू दिलं?"

"अहो, पण तीस वर्षांत काही झालं नाही ना?"

"झालं नाही म्हणून होणार नाही? मग घराला कुलूप कशाला लावता पाव्हणं?"

मी मुकाट्यानं शहरात गेलो आणि मोटारींच्या सामानाच्या दुकानातून चांगला जाडजूड काळा पट्टा घेऊन आलो. साडूभाऊंनी तो उलटसुलट केला, शिवण बघितली, शिक्का शोधला, तो मिळाला नाही, तेव्हा घडी करून डब्याच्या पिशवीत घातला. तो पट्टा शेवटपर्यंत त्यांच्या माळ्यावरच्या गाद्यांना बांधलेला होता. पुढं त्यांनी एकाच खांद्यावरून तिरपा जाणारा पट्टा मागवला, मला बसवून बांधला, आणि बाजूनं असा हिसका दिला की मी मोकळ्या खांद्याकडून निसटून त्यांच्याच मांडीवर पडलो. "मामा तुमच्या निम्मे आहेत. ते तर धोतरासारखे सुटतील," म्हणाले. मग ठरलं की दोन्ही खांद्यांवरून पट्टे यायचे, मानेमागं एकत्र व्हायचे आणि तिथून मागं सांगाड्याला जायचे. ते पट्टे आले, तर नवीनच खूळ. पट्टा आवळून मला डोळे मिटायला लावले आणि म्हणाले, आता पेट्रोलची तोटी बंद करा. माझा हात पुरेना! "म्हणजे आग लागली तर बांधल्या जागी भाजणार," हे त्यांनी इतक्या शांतपणे सांगितलं की त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. म्हणून माझ्या पट्ट्याला पुढं वाकू देणारी आणि हिसका बसला की अडकणारी चकरी हवी. तिला आणखी सहा आठवडे.

आणि पट्टा मागं बांधायचा कुठं, यावर तर ग्रंथ होईल. मी भोळेपणानं सीटमागचा पत्रा दाखवला. त्यांनी त्यावर टिचकी मारली. "हा? हा साबणाच्या डब्याचा पत्रा. पट्टा टिकेल, तुम्ही टिकाल, पत्रा तुमच्याबरोबर पुढं येईल." मग नळीला भोक पाडू म्हणालो, तर असे बघायला लागले जणू मी गाईवर हात उचलला. भोक नाही, जोड नाही. नळीभोवती घट्ट बसणारी पोलादी पकड, तीही जिथं नळ्या एकत्र येतात तिथंच. आणि सर्वांत महत्त्वाचं, पट्टा खांद्यावरून सरळ मागं जायला हवा, किंवा जरासा वर. खांद्याच्या खाली गेला की धक्क्याला तोच पट्टा माणसाला वरून दाबतो आणि मणका चेपतो. हे मला नुसतं सांगून कळलं असतं हो! पण त्यांनी मला खुर्चीवर बसवलं, दोन्ही खांद्यांवरून दोरी घेतली आणि मागं जमिनीवर बसून खाली ओढली. आठ दिवस मी पाठीला शेक घेत होतो.

मग मामांचं माप. साडूभाऊ टेप आणि मला घेऊन गावी गेले, मामांना खुर्चीवर ताठ बसवलं आणि बुडापासून खांद्यापर्यंत तीनदा मोजलं. मामा हसून म्हणाले, "थोरलं जावई, सदरा शिवताय व्हय?" त्या मापानं सीटमागच्या आडव्या नळीवर पकड बसली, नकाशे निघाले, कागद दिल्लीला गेले. दिल्लीची मंजुरी आली, साडूंची नाही आली. आणखी पंधरा दिवस ते नुसते पट्टे ओढत होते. शेवटी वैशाखात एकदा म्हणाले, "चालू द्या तूर्त." मी आनंदानं त्यांच्या पाया पडायचा बाकी होतो.

मामा आले. पांढरंशुभ्र धोतर, लाल पटका, आणि खांद्यावर काळी घोंगडी. विमानाला हात लावून नमस्कार केला, मग घोंगडीची चौघडी घडी केली, सीटवर घातली आणि तिच्यावर बसले. आता यात नवल ते काय? मामा घोंगडीशिवाय कुठंच बसायचे नाहीत. एसटीत नाही, तहसीलदारासमोर नाही, आमच्या लग्नात बोहल्याजवळसुद्धा नाही. त्यांच्याच मेंढरांची लोकर, आमच्या सासूबाईंनी कातलेली, आणि सासूबाई जाऊन बारा वर्षं झालेली. हे घरातल्या लेकराला ठाऊक. आणि आम्ही दोन शहाणे जावई! एकानं तीनदा मोजलं, दुसऱ्यानं उभं राहून बघितलं, पण खुर्चीवर घोंगडी घालून मोजायचं दोघांनाही सुचलं नाही.

साडूभाऊंनी पट्टे बांधले, बाजूनं वाकून बघितलं. पट्टा खांद्यावरून खाली उतरून मागं जात होता. त्यांनी बोटं लावली. एक, दोन, तीन, चार. "हं."

"मामा," मी घाईनं म्हणालो, "आजच्यापुरती घोंगडी काढू या का?"

मामांनी नुसता तिच्यावर हात ठेवला. आणि माझ्या आधी साडूभाऊच म्हणाले, "घोंगडी काढायची नाही. पट्टा वर न्यायचा." म्हणजे वरची दुसरी नळी, नवी पकड, नवे नकाशे, पुन्हा दिल्ली!

मामांना घरी पोचवून मी परत हँगरमध्ये आलो आणि सात महिन्यांचं सगळं एकदम बाहेर पडलं. "तुमच्या चार बोटांपायी त्या माणसाचे डोळे चाललेत, कळतंय का? परवा त्यांनी मला आवाजावरून ओळखलं. अर्ध्या तासाचा फेरा आहे, जाऊन यायचं. तुम्हाला मामांची नाही, तुमच्या त्या सहीची पडलीय!"

साडूभाऊ पाना पुसत होते. पुसायचे थांबले. "सहीचीच पडलीय," म्हणाले. आणि मग ओरडले, माझ्यावर पहिल्यांदाच. "सही होती माझी! पोटपट्टा नियमाप्रमाणं होता, ओढून बघितला होता, तुटला नाही! चोवीस वर्षांचा पोरगा, शिकवायचा विमान. चिखलात चाक रुतलं, विमान नाकावर गेलं, या मोपेडच्या वेगानं गेलं फक्त. कपाळ आपटलं. जगला. दोन्ही डोळे गेले. चौकशीत मला म्हणाले, तुमची काही चूक नाही, कागद चोख आहेत. चोख!" त्यांनी पाना पेटीत टाकला. "डोळे जातात कसे ते मला नका सांगू पाव्हणं. रोगानं जायचेत त्याला माझा इलाज नाही. माझ्या पट्ट्यानं जायचे नाहीत."

बरोबरीनं संसार केलेल्या आक्कालासुद्धा हे माहीत नव्हतं. त्या मुलाचे डोळे गेले त्या दिवसापासून साडूभाऊ कुठल्याही छोट्या विमानात बसले नव्हते, हेही त्यांनी तेव्हाच सांगितलं. पण राग गेला म्हणाल तर गेला नाही, खोटं कशाला सांगू? समोरचा माणूस बरोबर आहे हे कळल्यावर राग जास्त येतो, कारण तो काढायचा कुणावर?

दिवाळी उलटली. वरच्या नळीवर पकड बसली, मंजुरी आली, आणि एका स्वच्छ सकाळी आम्ही मामांना हात धरून विमानापाशी नेलं. तोवर त्यांना उजेड आणि अंधार, एवढंच कळत होतं. घोंगडीची घडी त्यांनी चाचपून घातली. साडूभाऊंनी पट्टे बांधले, चारही बाजूंनी वाकून बघितलं आणि मामांचा हात पट्ट्यावर ठेवून म्हणाले, "मामा, ओढून बघा." मामांनी ओढला. "घट हाये," म्हणाले.

वर गेल्यावर डोंगर असे लख्ख दिसत होते की मला रडू यायला लागलं. मी इंजिनाच्या आवाजात ओरडून सांगायला लागलो, "मामा, हे खाली खुलताबाद, ही तटबंदी..." मामांनी हात वर केला. "तुमी सांगू नका. मीच सांगतो." तोंड काचेकडं केलं. मी वळलो की त्यांच्या गालावरचं ऊन सरकायचं, कड्यावर आलो की विमान थोडं उचललं जायचं, आणि मामा बोट दाखवून सांगायचे, "आता दरी आली. हितं आमची जाळीची वाघूर लागायची, रातची मेंढरं आत. त्या अंगाला झरा हाये, दिसतोय का?" झरा होता. चकाकत होता. "हाये मामा," मी म्हणालो. पुढं एका ठिकाणी म्हणाले, "ह्यो म्हैसमाळ." तो म्हैसमाळ नव्हता, आम्ही कधीच पुढं आलो होतो. मी म्हणालो, "व्हय मामा, म्हैसमाळच." अर्ध्या तासाचा फेरा मी तासभर केला.

उतरलो तेव्हा साडूभाऊ धावपट्टीच्या कडेला निघताना होते त्याच जागी उभे होते. मामांनी त्यांचा खांदा चाचपला. "थोरलं जावई, लई येळ लावला तुमी," म्हणाले. साडूभाऊंनी मान खाली घातली. मामा म्हणाले, "पर मला वर भ्या वाटलं नाय." तेवढं ऐकून हा माणूस विमानाचं शेपूट ओढून बघायला निघून गेला.

मामा दोन वर्षांनी गेले. घोंगडी आक्कानं मला दिली, म्हणाली, विमानातच राहू दे. मी दर वर्षी साडूभाऊंना म्हणायचो, चला एकदा, आणि ते दर वर्षी कुठला तरी नट ओढून "हं" म्हणायचे. निवृत्त झाले, हात थरथरायला लागले, सही करायचा हक्क गेला, तरी मोपेडवरून येऊन हँगरच्या दारात बसायचे आणि नव्या इंजिनिअरला बेजार करायचे. त्यांच्या शेवटच्या हिवाळ्यात एक दिवस आले, डबा मोपेडला तसाच बांधलेला ठेवला, आणि काही न बोलता विमानात चढून मामांच्या सीटवर बसले.

पट्टे मी बांधले. वरच्या नळीवरून आलेले पट्टे त्यांच्या मानेला घासायला लागले. माणूस बुटका, पकड घोंगडीवर बसलेल्या मामांच्या मापाची. मी बोटं लावली. चार. मी त्यांना उतरवलं, मागून घोंगडी काढली, चौघडी घातली, आणि पुन्हा बसवलं. पट्टे खांद्यावरून सरळ मागं गेले.

"साडूभाऊ, ओढून बघा," मी म्हणालो.

त्यांनी एकदा ओढला, पुन्हा एकदा ओढला. मग हात खाली घोंगडीवर ठेवला.

"ठीक आहे," म्हणाले. "चला."